कल्हईची तार

जळालेल्या मोटरचा वास एकदा ओळखीचा झाला की तो पुन्हा कोणी सांगावं लागत नाही. करपलेल्या वार्निशचा, किंचित गोडसर, डोळ्यांत चुरचुरणारा वास. मंचरच्या बाजारपेठेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, तिथे मी तो सुमारे वीस वर्षं घेतला. नव्वदच्या आगेमागे दुकान काढलं, दोन हजार दहाच्या सुमारास बंद केलं. त्याच काळात एका दैनिकाचा तालुका वार्ताहरही होतो. तालुक्याच्या गावी असंच चालतं. वार्ताहर कोणी किराणावाला असतो, कोणी मास्तर, कोणी वायरमन.

दैनिकाच्या जिल्हा पानाचे उपसंपादक कडक होते. त्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. बातमीत 'मी' नको. विशेषण नको. आणि स्वतः तपासल्याशिवाय एक ओळही पाठवायची नाही. या लेखात पहिला नियम मोडणं भाग आहे. तिसरा मी पूर्वी एकदा मोडला, आणि त्याला कारण मत्सर होता. त्याची ही हकिकत.

बाहेरच्या वाचकासाठी आधी धंदा सांगायला हवा. मोटरच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. ती जळाली की जुनी तार तोडून काढायची, खाचा साफ करायच्या, मोजून तितक्याच वेढ्यांची नवी तार भरायची, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं. वेढे मोजताना पाहुणा आला तरी मान वर करायची नाही. एवढी शिस्त पाळली तर काम अवघड नाही.

मोटर का जळाली, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पुष्कळदा मोटरमध्ये नसतं. ते मोटरपर्यंत येणाऱ्या तारेत असतं. कोणतीही तार विजेला थोडाफार विरोध करतेच. लांब तार जास्त अडवते, जाड तार कमी अडवते, उरलेलं धातूवर. चांदी सर्वांत कमी अडवते, तिच्या पाठोपाठ तांबं. ॲल्युमिनियम तांब्याच्या दीडपटीहून थोडं अधिक अडवतं, म्हणून ते वापरायचं तर त्या मानाने जाड घ्यावं लागतं. लोक धातू बदलतात आणि जाडी तीच ठेवतात. मग व्होल्टेज वाटेतच गळतं, मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि एके दिवशी तो वास येतो.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. प्रत्यक्षात विचारात घेणारा माणूस समोरच्या दुकानात बसायचा.

सिद्धार्थ आणि मी एकाच गावचे, अवसरी बुद्रुकचे. आमचं घर जुनं जमीनदार, त्याचं बौद्धवाड्यातलं. छप्पन सालानंतर त्याच्या आजोबांनी गावकीची कामं सोडली आणि त्याचे वडील मुंबईला गोदीत जहाजदुरुस्तीवर गेले. आम्ही दोघं आयटीआयला एका बाकावर होतो. परीक्षेत तो पहिला आला, मी दुसरा. दुसरा नंबर वाईट नाही. पण पहिला रोज शेजारी बसत असेल तर तो लागतो. नंतर तो वडिलांच्या हाताखाली जहाजांवर वायरमन म्हणून गेला आणि मी निश्चिंत झालो. सात-आठ वर्षांनी तो आईच्या आजारपणासाठी परतला आणि त्याने नेमका माझ्या समोरचा गाळा घेतला.

माझ्या काउंटरवरून त्याचा ओटा दिसायचा. सकाळी शटर उघडलं की आधी त्याच्या ओट्यावरच्या मोटरी मोजायच्या, मग अगरबत्ती लावायची, असा क्रम पडला. त्याच्याकडे पाच आणि माझ्याकडे सात असल्या तर तो दिवस चांगला जायचा. उलटं असलं तर बायकोला स्वयंपाकात मीठ कमी पडल्याचं ऐकावं लागायचं.

एक गिऱ्हाईक सांगतो. तळेघरच्या वरच्या वाडीतले सोमाबाबा. त्यांची भात सडायची छोटी गिरणी होती. मोटर जळाली की दोघं भाऊ ती पोत्यात बांधून, दांडीवर खांद्याला लावून रस्त्यापर्यंत चालत आणायचे आणि मिळेल त्या एसटीने मंचरला उतरायचे. एका वर्षात तीन वेळा आले. तिसऱ्यांदा काउंटरवर टेकून म्हणाले, "भाऊ, नजर लागती का वं हिला?"

"लिंबू बांधलंय का?" मी गमतीने विचारलं.

"बांधलंय की. दोन बांधल्यात."

सिद्धार्थ माझ्याकडे क्लॅम्प मागायला आला होता. तो तिथेच उकिडवा बसला. "बाबा, खांबापासनं गिरणी किती लांब?"

"हाय की चार-पाच बांध पल्याड."

"आन् वायर कसली वढली?"

"मेव्हण्याच्या घराचं काम झालं, त्यातली उरलेली दिली त्यानं. पांढरी हाय, हलकी. लई लांब पुरली."

"बाबा, लिंबं सोडा आन् वायर बदला."

घरातल्या दिव्यांची बारीक ॲल्युमिनियमची तार पाच बांधांपलीकडे नेऊन तिच्यावर गिरणी चालवली जात होती. वायर बदलल्यावर ती मोटर पुढे कित्येक वर्षं दुकानात आली नाही. भेटणाऱ्याला सोमाबाबा सांगायचे, "मोटर भाऊंनी भरली, पर रोग सिद्धार्थनं वळखला." मी मुद्दाम विचारलं नव्हतं, असं कोणी म्हटलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. मला ते सुचलंच नव्हतं.

खरी गोष्ट घोड नदीवरच्या लिफ्टची. नदीकाठच्या एका गावात बावीस शेतकऱ्यांची सामायिक पाणी योजना होती. काठावर जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी घेणारी विहीर, त्यात पंधरा हॉर्सपॉवरची मोटर, वर शेतापर्यंत पाइप. कारभार किसनआण्णा नावाचे साठीचे गृहस्थ बघायचे. चार महिन्यांत ती मोटर दोनदा जळाली. दोन्ही वेळा मी भरून दिली आणि दोन्ही वेळा व्होल्टेजला दोष दिला. व्होल्टेज हा रिवाइंडरचा मोठा आधार आहे. ते दिसत नाही आणि उलटून बोलत नाही.

तिसऱ्यांदा मोटर घेऊन आण्णांचा ट्रॅक्टर बाजारपेठेत आला, माझ्या दारापाशी हळू झाला आणि समोर वळला.

सिद्धार्थने त्या दिवशी मोटर उघडलीच नाही. तो जॅकवेलवर गेला. खांबापासून मोटरपर्यंतच्या केबलला तीन ठिकाणी जोड होते. तारा पिळून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. आत ओल शिरून तांबं हिरवं पडलं होतं, आणि असा जोड तारेपेक्षा कितीतरी जास्त अडवतो. त्याने मोटर भरली आणि स्टार्टरपासून खालपर्यंत बिनजोड, एकसंध केबल टाकली. केबल त्याने मुंबईहून मागवली.

दोन महिने गेले. एका साखरपुड्यात किसनआण्णांनी मला पंगतीतच गाठलं. "भाऊ, मोटर गार ऱ्हाती आता. हात ठिवा वाटलं तर. माठावाणी!"

मी जिलेबी परत पाठवली.

त्या आठवड्यात नदीच्या पाण्यावर बातमी करायची म्हणून मी त्या गावाला गेलो. बातमीची गरज नव्हती. पंपाच्या खोलीत खिळ्याला केबलचा वीतभर तुकडा अडकवलेला होता, जोडणीतून उरलेला. त्याच्या कापलेल्या तोंडाशी सगळ्या तारा पांढऱ्या चमकत होत्या. पांढरी तार म्हणजे ॲल्युमिनियम. आण्णांनी पैसे तांब्याचे मोजले होते, हे मला ठाऊक होतं. तो क्षण स्वच्छ आठवतो, कारण मला आनंद झाला.

तुकडा खिशात घालून परतलो आणि बातमी लिहिली. मंचरमधल्या एका व्यावसायिकाने तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमची केबल देऊन शेतकऱ्यांची फसवणूक केल्याचं उघड, असा मजकूर. नाव घातलं नाही. लिफ्टचं गाव घातलं. त्यामुळे नावाची गरजच उरली नाही. दुपारी तीनच्या सुमारास दोन दुकानं सोडून असलेल्या एसटीडी बूथवरून फॅक्स केला.

पाचच्या सुमारास, हाताला काम नव्हतं म्हणून, तो तुकडा काढला आणि ब्लेडने एक तार खरवडली. आधी पांढरी भुकटी निघाली. तिच्याखाली तांबडं दिसलं. दुसरी तार खरवडली. तीही तांबडी.

केबल तांब्याची होती. वर टिनचा मुलामा होता.

जिल्हा पान रात्री आठपर्यंत लागत नसे. बूथ दोन दुकानांवर होतं. उपसंपादकांचा नंबर तोंडपाठ होता. फोनवर तीन शब्द पुरले असते: ती बातमी थांबवा. मी एका छताच्या पंख्याचं वाइंडिंग करायला घेतलं. ते पूर्ण झालं, शटर ओढलं, घरी गेलो.

सकाळी बातमी चौकटीत आली, चार कॉलमी. चार दिवसांत समोरच्या ओट्यावरच्या सहा मोटरी मालकांनी परत नेल्या आणि त्यांतल्या चार माझ्याकडे आणल्या. सिद्धार्थचं शटर अर्ध्यावर असायचं. आत तो बसलेला दिसायचा, हात गुडघ्यांवर. बातमी लोकांना इतक्या चटकन खरी का वाटली, याला तारेपलीकडचंही कारण होतं. ती माझ्यासारख्याच्या घरातल्या माणसाबद्दल असती तर लोकांनी आधी विचारलं असतं. हे मला बातमी पाठवतानाच ठाऊक होतं.

लिफ्टच्या सभासदांनी सोसायटीच्या ओट्यावर सभा बोलावली. फसवणुकीची फिर्याद द्यायची आणि केबल उपटायची, असं बहुतेकांचं ठरल्यातच जमा होतं. फिर्याद झाली असती तर सिद्धार्थला मंचरमध्ये पुन्हा कोणी साधा पंखासुद्धा दिला नसता. मला जाणकार आणि पत्रकार म्हणून बोलावणं आलं. मला खुर्ची दिली. सिद्धार्थ उभा होता.

किसनआण्णा म्हणाले, "पेपरात आलंय ते खरं का खोटं, यवढंच सांगा राव. बटाटा पाण्याला आलाय. केबल ठिवायची का उपटायची?"

बबन नावाचा एक तरुण सभासद सगळ्यांत तापला होता. "मुंबैचं शिकून आला आन् आमाला पांढरी वायर चिकटावली व्हय रं?"

"चिकटावली असंल तर आत्ता कळंल," सिद्धार्थ म्हणाला. त्याने पिशवीतून त्याच केबलचा एक तुकडा काढला. बबनने सभेला येतानाच जॅकवेलवरच्या केबलच्या टोकाचा कापून आणलेला दुसरा तुकडा पुढे केला. "तुझा नगं. ह्यो घे."

"बरं केलंस. मी नाय खरवडनार. हातचलाखी म्हनशीला." त्याने तो तुकडा अनसूयाबाईंपुढे धरला. बावीस सभासदांत त्या एकट्या बाई. नवऱ्यामागे हिस्सा त्यांच्या नावावर आला होता. "काकू, तुमी खरवडा."

अनसूयाबाईंनी पदराने तार पुसली, विळ्याच्या पात्याने खरवडली, डोळ्यांजवळ नेली आणि ओरडल्या, "आगं बया! तांबडं हाय की खाली!"

माणसं उठून गोळा झाली. तुकडा हातोहात फिरला. प्रत्येकाने आपापल्या नखाने, चाकूने, किल्लीने खरवडून खात्री केली.

"म्हंजी कल्हई म्हना की," अनसूयाबाई म्हणाल्या. "आमच्या हंड्यावाणी."

"कल्हईच, काकू."

बबन मागे हटला नाही. "कल्हई पातेल्याला करत्यात. वायरला कशाला?"

"पातेल्याला कशाला करत्यात?"

"आंबट कळकू नाय म्हनून."

"हिरीतबी त्येच. ओलीनं तांबं हिरवं पडतं, जोड कळकतो, आन् कळकलेला जोड वीज आडवतो. जहाजावर खारी हवा, तिथं बिनकल्हईची तार कुनी घालतच नाय."

"आन् कल्हई नाय व्हय आडवत?"

"आडवती की. तांब्यापरीस कैक पट आडवती. पर तिचा थर केवढा? कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. वीज जाती आतल्या तांब्यातनं. शंभरातला एखादा हिस्सा जातो वाया. त्या बदल्यात जोड वर्षानुवर्षं साफ ऱ्हातो."

"मोटर गार का, ते आत्ता समजलं," कोणीतरी मागून म्हणालं.

मग सगळे माझ्याकडे वळले. किसनआण्णा म्हणाले, "भाऊ, तुमी तर छापलं पेपरात. आता तुमीच सांगा."

मी काही बोलण्याआधी सिद्धार्थ बोलला. "त्याला काय इचारता, आण्णा? आयटीआयला आमाला असली केबल दाखवलीच नव्हती. मी जहाजावर गेलो नसतो तर मीबी ॲल्युमिनियमच म्हनलो असतो. त्याला कळलं नाय. चुकला."

"म्हंजी भाऊंना तांबं वळखंना?" बबन म्हणाला, आणि ओटाभर हशा पिकला.

त्या वेळी दोनच उत्तरं शक्य होती. एक, मला कळलं नव्हतं. दुसरं, मला कळलं होतं. पहिल्याने कारागीर म्हणून नाव जाणार होतं, दुसऱ्याने माणूस म्हणून. मी म्हणालो, "चुकलो. कल्हईची तार मी कधी पाहिली नव्हती."

आण्णांनी सगळ्यांना चहा सांगितला. सिद्धार्थसाठी खुर्ची आणली गेली. तो बसला नाही; मोटर बघून येतो म्हणून नदीकडे गेला.

दैनिकाने खुलासा छापला, पानाच्या तळाला, तीन ओळींत. तो मीच लिहिला होता आणि विशेषण एकही नव्हतं. मोटरी समोर परत गेल्या, जाताना माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकीही काही घेऊन गेल्या. पुढची पंधरा वर्षं तालुक्यात मी तांबं न ओळखणारा वायरमन होतो. नवी वायर दाखवायला घेतली की गिऱ्हाईक हसून म्हणायचं, "भाऊ, तांबंच हाय ना? का समोर इचारून येऊ?" कोणी पितळेचा तांब्या काउंटरवर ठेवून विचारायचं, "ह्ये काय हाय सांगा बरं?" मी हसायचो. खोटेपणा उघडा पडण्यापेक्षा हे बरं, असं रोज स्वतःला समजावायचो. रोज ते थोडं कमी पटायचं.

दोन हजारच्या दशकात बाजारात उलटी तार आली. वर तांब्याचा पातळ थर, आत ॲल्युमिनियम. कापल्याशिवाय कळत नाही, आणि नीट न कापता वरवर घासली तर तांबडीच दिसते. नारायणगावचा एक दुकानदार अशी चार बंडलं घेऊन मंचरला आला. ती खरी का खोटी, याचा त्याला संशय होता. तो आधी माझ्याकडेच आला, असं मला वाटलं. मी तारेचं टोक तिरकं तासलं, आतला पांढरा गाभा दाखवला आणि सांगितलं की ही तांब्याच्या दीडपट विरोध करील, मोटरला घालू नका. बऱ्याच वर्षांनी मनाजोगं काम झालं होतं. दुकानदार म्हणाला, "बराबर. समोरच्यांनी नुस्तं बंडल हातावर तोललं आन् म्हनले, हलकं हाय, परत कर. म्हनलं दुसऱ्या कुनाला दाखवून खात्री करावी." म्हणजे तो आधी तिकडे जाऊन आला होता.

लेख इथवर लिहून झाल्यावर कच्चा मसुदा घेऊन मी सिद्धार्थकडे गेलो. दुकान आता तोही बघत नाही. अवसरीत घरापुढे पत्र्याची शेड आहे, तिथे खुर्ची टाकून बसला होता. मी म्हणालो, "तुझ्याबद्दल लिहिलंय. छापण्याआधी वाच."

त्याने चष्मा लावला आणि बोट ओळीखाली धरत सगळं वाचलं. पाचच्या सुमाराच्या त्या ब्लेडपाशी बोट थांबलं नाही, फोन न केल्याच्या परिच्छेदापाशीही नाही. पानं नीट जुळवून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "वसंता, फ्यूजची तार कशाची असती?"

घरोघरच्या फ्यूजमध्ये बसवतात ती बारीक पांढरी तार तांब्याचीच असते, वर कल्हई. आयटीआयच्या पहिल्या महिन्यात ती हातात देतात. दुकानात मी ती रोज कापून विकत होतो.

"कल्हईची तार कधी पाहिली नाय म्हनलास ना सभेत," तो म्हणाला, "तवा खात्री पटली. संशय बातमी वाचली तवाच आलता. फ्यूज बसवनारा मानूस टिन वळखत नाय व्हय?"

"मग मला वाचवलंस का?"

"तुला कोन वाचवतंय?" तो हसला. "मुद्दाम केलं म्हनलो असतो तर आण्णा म्हनले असते, पुरावा दाखव. तुझ्या हातात पेपर, गावात वाडवडलांचं घर. माझ्या हातात वीतभर केबल. मुद्दाम केलंस हे मला शाबित करता आलं नसतं. तुला कळत नाय म्हनलो, ते सगळ्यांला एका दमात पटलं. आन् तुला स्वतःला कबूल करायला लागलं. मला त्या दिशी सुटायचं व्हतं, वसंता. तुझी शोभा झाली ती आपोआप झाली."

त्याच्या मुलीने चहा आणून दिला. आम्ही तो प्यायलो आणि बटाट्याच्या बाजारभावाबद्दल बोललो.

परत येताना मला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी वाटला तो हेवा. बावीस सभासदांसमोर, उभ्याने, फिर्याद डोक्यावर असताना, त्याने हे सगळं क्षणभरात ताडलं होतं. मी खुर्चीवर बसून होतो आणि मला ते कळायला म्हातारपण यावं लागलं.